वाणात गेलेलं पुस्तक

पुस्तकाचं नाव निघालं की माझं तोंड बंद राहत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला मी विचारतो, "तुमचं लेकरू केवढं हाये?" वय कळलं की ताटातलं वरण तसंच ठेवून सांगत सुटतो, की त्या वयाच्या लेकराला काय वाचायला द्यावं, कसं द्यावं आणि देऊन झाल्यावर आपण कसं गुपचूप बाजूला व्हावं. सीमा, माझी बायको, अशा वेळी माझ्या पायावर पाय देते. माझा पाय दुखतो, पण तोंड चालूच राहतं.

आमचं पाच-सहा वर्षांचं आयुष्य अकोल्यात गेलं. मी बियाण्यांच्या एका कंपनीत होतो. मागच्या उन्हाळ्यात बाबांनी सांगितलं, "मनोज, आता माह्यानं वावर पाहणं होत नाई," आणि आम्ही भातकुलीला परत आलो. मी याच मातीतला, मला काही जड गेलं नाही. सीमाही आठ दिवसांत गल्लीतल्या बायकांत मिसळली. रुळली नाही ती आमची खुशी.

खुशी चौथीत आहे. अकोल्यात समोरच्या घरी तिची पायल नावाची एक मैत्रीण होती. दोघी एकाच पुस्तकात डोकं घालून बसायच्या आणि पान कोणी उलटायचं यावरून रोज भांडायच्या. इथं आल्यावर सुरुवातीला खुशी शाळेत पुस्तक घेऊन गेली. कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन गेली. मग दिवाळीनंतर एकदा मला म्हणाली, "बाबा, इथं कोणीच नाई वाचत. वाचून सांगू कोणाले? मी सोडलं वाचणं." तेव्हापासून तिच्या फळीवरच्या पुस्तकांवर धूळ बसायला लागली. मी गुपचूप पुसत असे.

वाचणं सोडलं तिथवर ठीक होतं. पण संक्रांतीच्या आधी ती अकोल्याच्या मावशीशी, म्हणजे सीमाच्या बहिणीशी, फोनवर बराच वेळ बोलली आणि फोन ठेवून तिनं जाहीर केलं, "जूनपासून मी रागिणीमावशीकडे राहते. तिकडचीच शाळा पाहते." रागिणीला मूलबाळ नाही, घर मोठं आहे, जीव आहे पोरीवर. तिनं तर पुढच्या शनिवारी गाडी घेऊन यायचंही ठरवलं. खुशीला दोन दिवस न्यायचं, सोमवारी शाळा दाखवायची आणि मग जूनचं पक्कं करायचं.

"पोरीचं मन नसन लागत तर आपून काय बांधून ठेवतो काय?" सीमा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता, पण ती म्हणाली.

नऊ वर्षांची एकुलती एक पोर मी बॅग भरून दुसऱ्याच्या घरी पाठवायची? मावशीच्या का होईना! मला ते सहन होणारं नव्हतं, स्पष्टच सांगतो. त्या दिवशी वावरात तुरीची कापणी चालू होती आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. गावातलं सगळं पोरसोर वाचायला लागावं असं मला म्हणायचंच नव्हतं. फक्त एक लेकरू हवं होतं. खुशीशी भांडू शकेल असं एक.

संध्याकाळी घरी आलो तर सीमा विचारत होती, "औंदा वाण काय लुटावं? चहाची गाळणी, की डबी? गाळणी तर जयवंताकाकूईनं मागच्या साली लुटली."

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे घरोघरी हळदी-कुंकू असतं. बायका येतात, तिळगूळ घेतात आणि जाताना प्रत्येकीच्या हातात घरधनीण एक लहानशी वस्तू देते. तेच वाण. आमच्या कपाटात अशा वाणात आलेल्या वाट्या, चमचे आणि साबणदाण्या इतक्या आहेत की दुकान टाकता येईल.

"पुस्तकं!" मी इतक्या जोरात ओरडलो की गोठ्यातल्या गाईनं मान वर केली.

"काय पुस्तकं?"

"वाण! लेकराईची पुस्तकं लुटू. प्रत्येकीच्या घरी लेकरू हाये. वाण कोणी फेकत नाई, कोणी नाकारत नाई. घरात जाईनच जाईन!"

सीमानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नाही म्हणेल असं वाटलं होतं. पण ती हसली. "चालते. पण एक सांगून ठेवते. वाण सगळ्याईले सारखं असते. एकच पुस्तक आणा, सगळ्याईले तेच."

"एकच? सगळ्याईले एकाच मापाची चप्पल देशीन काय तू?"

"चप्पल नाई, वाण हाये थे."

तिथंच मी तिचं ऐकायला हवं होतं. पण माझ्या अंगात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढली आणि अमरावती गाठली. देवमनजींच्या पुस्तकांच्या दुकानात मी दुपारभर फळीवरची पुस्तकं उतरवत होतो आणि ते परत लावत होते. गल्लीतलं एकेक लेकरू डोळ्यांपुढे आणून मी पुस्तक निवडलं. जयवंताकाकूंचा नातू विपुल नुकता अक्षरं जुळवायला लागलाय, त्याला "घंटेतली मुंगी". पातळ, एका पानावर एक ओळ, आणि चित्रं अशी की लेकरू बोट ठेवून बसेल. पोस्टातल्या बाईंचा मुलगा घरातलं घड्याळ, टॉर्च, मिक्सर सगळं खोलून ठेवतो, त्याला "उघड रे पेच". त्यात पाण्याची मोटर आतून कशी असते ते पान उलगडून दाखवलंय. मी स्वतः दुकानात उभ्या उभ्या ते दोनदा पाहिलं. कोपऱ्यावरच्या मास्तरांची पोरगी अंधाराला भिते, तिला "भुतांचा बाजार". त्यातली भुतं माणसांनाच भितात आणि वांगी घ्यायला कोणी पुढं जायचं यावरून एकमेकांना ढकलत राहतात. घाबरट लेकराला शूर माणसाची गोष्ट कधी देऊ नये. त्याला त्याच्याहून घाबरट कोणीतरी दाखवावं. हे माझं अनुभवाचं मत आहे आणि देवमनजींनाही ते पटलं, किंवा दुकान बंद करायची वेळ झाली होती म्हणून त्यांनी मान हलवली.

गुरुवारी हळदी-कुंकू झालं. बायकांच्या कार्यक्रमात पुरुषाचं काम नाही, म्हणून मला स्वयंपाकघरात चहा गाळायला बसवलं होतं. मधे पडदा. खुशी गच्चीच्या पायरीवर गाल फुगवून बसली होती. सीमानं पोरीबाळींना बोरं, हरभरा, उसाचे करवे वाटले, अत्तर लावलं, आणि मग वाण लुटायला घेतलं. मी हातातली गाळणी तशीच धरून पडद्याला कान लावला.

आधी छान कुजबुज झाली. "पुस्तक? अव माय, वेगळंच वाण हाये!" मला अंगभर गुदगुल्या झाल्या.

मग जयवंताकाकूंचा आवाज आला. या गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा असतो. "काय व सीमा, तिले एवढं जाडजूड अन मले हे पापडासारखं पातळ? माह्या वाणात काटकसर काहून?"

"तसं नाई काकू, विपुल लहान हाये म्हणून—"

"वाण विपुलचं हाये का माहं?"

झालं. सगळ्या बायकांनी आपापली पुस्तकं शेजारणीच्या पुस्तकाला लावून पाहायला सुरुवात केली. एकीच्यात रंगीत चित्रं, दुसरीच्यात काळी. मास्तरांच्या बायकोनं मुखपृष्ठ पाहिलं आणि ती उठूनच उभी राहिली. "संक्रांतीच्या वाणात भूत? माह्या लेकराले आधीच भेव वाटते, अन तुमी भूत देता?" पोस्टातल्या बाई म्हणाल्या, त्यांच्या घरात आता शाबूत राहिलेला एकच पंखा आहे, तो तरी राहू द्यायचा होता. सीमा सगळ्यांना एकदमच समजावत होती आणि कोणाचंच काही ऐकू येत नव्हतं.

मला राहवेना. मी पडदा सारून बाहेर आलो. हळदी-कुंकवात! हातात चहाची गाळणी, खांद्यावर फडकं. बायकांनी पदर सावरले आणि सगळं घर चिडीचूप झालं.

"काकू," मी म्हणालो, "या पातळ पुस्तकात काय हाये ते तर ऐका. देवळातल्या घंटेत एक मुंगी झोपते. पुजारी घंटा वाजवाले हात वर करते, अन त्याले ती मुंगी दिसते. तो हात खाली घेते. दुसऱ्या दिवशीही झोपलेलीच. लोक म्हणतात, महाराज, घंटा काहून नाई वाजवत? तो म्हणते, श्श! अन हळूहळू सारं गाव देवळात चवड्यावर यायले लागते. लेकरं चवड्यावर, म्हाताऱ्या चवड्यावर, बैल चवड्यावर."

"बैल चवड्यावर!" एकीला हसू फुटलं.

"अन मंग एका रात्री गावात आग लागते. सारे झोपलेले. पुजारी पळत देवळात येते. घंटा वाजवली तरच गाव जागं होईन. अन घंटेत मुंगी झोपून हाये."

मी थांबलो. मुद्दाम थांबलो. अशी जागा सापडली की माणसानं थांबावंच.

"मंग?" जयवंताकाकू म्हणाल्या.

"मंग काय, पुस्तकात हाये."

"वाजवली का नाई वाजवली?"

"तुमच्या हातात हाये काकू. पातळच हाये, घरी जाईपर्यंत वाचून होते."

"अरे बाप्पा, माहा चष्मा घरी हाये रे!" असं म्हणून त्यांनी शेजारणीला ते पुस्तक दिलं, "वाच व शेवटचं पान," आणि ती वाचायला लागली तर बाकीच्या तिच्या खांद्यावरून वाकल्या. मग मास्तरांच्या बायकोनं स्वतःच भुतांचं पुस्तक उघडलं, वांग्याच्या पानावर पोचली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी तर काय, एकीकडून दुसरीकडे जाऊन सांगतच होतो. हे आधी चित्रं बघत वाचा, हे पान लेकराला उघडू द्या, तुम्ही उघडू नका! सीमानं कपाळाला हात लावला होता, पण रागावलेली नव्हती. मी गच्चीच्या पायरीकडे पाहिलं. खुशी गाल फुगवलेलीच होती, पण दोन पायऱ्या खाली सरकली होती.

तेवढ्यात दारात शकुनवहिनी आली. गावाच्या टोकाला त्यांचा झेंडू आहे, शेवंती आहे. हळदी-कुंकवासाठी सीमानं गजरे सांगितले होते, ते द्यायला ती आली होती. देऊन निघालीच होती. पण सवाष्ण बाई दारात आली आणि हळदी-कुंकू न लावता परत गेली, असं कुठे होतं का? सीमानं तिला बसवलं, ओटी भरली आणि मला ओढत आत नेलं.

"एक वाण कमी पडलं. द्या लवकर!"

"माह्यापाशी कुठलं? मोजून आणले होते."

"मंग वाटी देऊ?"

"वाटी? सगळ्याईले पुस्तक अन तिले वाटी? सारखं पाहजे म्हणे तूच! लेकरू केवढं हाये तिचं?"

"आचल. आपल्या खुशीच्याच वर्गात."

खुशीच्याच वर्गात! मी धावतच खोलीत गेलो. खुशीच्या फळीवर माझा हात सरळ एका पुस्तकावर गेला. "नकाशात नसलेलं स्टेशन". खाकी कव्हर घातलेलं, स्वच्छ, कोरं दिसणारं. दोन बहिणी पाणी प्यायला एका अनोळखी स्टेशनवर उतरतात आणि गाडी निघून जाते. नऊ वर्षांच्या पोरीसाठी याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही. मनात म्हटलं, उद्या अमरावतीहून दुसरं आणून ठेवू, खुशी तर आता फळीला हातही लावत नाही. सीमानं ते शकुनवहिनीच्या ओटीत घातलं आणि वहिनी लाजत निघून गेली.

खुशीला ताप असताना थर्मामीटर पाहावा तसा मी दुसऱ्या दिवशी अमरावतीला देवमनजींचा चेहरा पाहत होतो. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "स्टेशनवालं? थे आता छापत नाईत, मनोजभाऊ. बंद झालं."

"कुठंच नाई भेटणार?"

"नागपूरलेही विचारून पाहतो. पण आशा ठेवू नका."

मी घरी आलो तेव्हा खुशी फळीपुढे उभी होती. इतक्या महिन्यांत जी पोरगी तिकडे फिरकली नाही, ती आजच! आदल्या दिवशीचा माझा तमाशा ऐकून तिच्या मनात काहीतरी हललं होतं. शाळेतून आल्या आल्या तिनं पुस्तक काढायला हात घातला होता आणि हाताला रिकामी जागा लागली होती.

"बाबा, माहं स्टेशन कुठी हाये?"

मी खोटं बोललो असतो, पण मला ते जमत नाही. सगळं सांगितलं. नवीन मिळत नाही, हेही सांगितलं.

तिनं घर डोक्यावर घेतलं. "माहं पुस्तक! मले न विचारता! मी अन पायलनं वाचलेलं! तुमीच सांगता ना, लेकराच्या वस्तूले विचारल्याशिवाय हात लावू नये म्हणून?"

"चुकलं माहं. मी आत्ता जाऊन आणतो."

"वाण परत आणता काय?" सीमा स्वयंपाकघरातून म्हणाली. "एकदा ओटीत घातलेलं परत मागत असतात कुठी? शकुनले काय वाटीन?"

"मीच जाते," खुशी म्हणाली आणि चप्पल अडकवून निघाली. मी मागोमाग. तिच्या पुढे जायची माझी हिंमत नव्हती.

शकुनवहिनीच्या मळ्यात झेंडूचे ढीग पडले होते. सकाळी अमरावतीच्या बाजारात हार जायचे होते. गवती झापाखाली आचल मांडी घालून बसली होती, हातात सुई-दोरा, आणि गुडघ्यावर उलटून ठेवलेलं खाकी कव्हराचं पुस्तक. शाळा सुटली की ही पोरगी सरळ मळ्यात येते, हे मला तिथं गेल्यावर कळलं. खुशीला ती वर्गात कधी दिसलीच नव्हती म्हणा ना, कारण मधल्या सुटीत ती डोकं टेकवून झोपते.

"हे माहं पुस्तक हाये," खुशी म्हणाली. "बाबांनी चुकून दिलं. दे."

आचलनं पुस्तक छातीशी धरलं. "नाई देत. मी अर्ध्यात हाये."

शकुनवहिनी धावत आली. "अव देऊन टाक व आचल! पण भाऊजी, वाण परत केलेलं बरं नसते म्हणतात. सीमाले अन मले, दोघीलेही. मले तर भेवच वाटते."

खुशीनं पुस्तक ओढलं. ते उघडलं गेलं, आणि तिनं पाहिलं ते पानापानांवर पिवळे डाग. झेंडूच्या बोटांनी उलटलेली पानं. खुशी आपल्या पुस्तकाचं पान दुमडूही देत नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला वाटलं, आता इथं रामायण घडतं. मी पुढं झालो.

"थांबा बाबा!" ती माझ्यावरच ओरडली. मग आचलकडे वळली. "कुठवर आली तू?"

"स्टेशनमास्तर म्हातारी म्हणते, गाडी येईन, पण एकच जागा हाये."

खुशीचा हात पुस्तकावरून सुटला. मी बापाच्या नजरेनं पाहत होतो, म्हणून मला दिसलं. तिचा राग ओठांपर्यंत आला आणि तिथंच थांबला.

"तिथं हाये तू?" ती हळूच म्हणाली. "त्याच पानावर?"

"हो. अन त्याच्यापुढं तुमी दोघं आले." आचल रागानं माझ्याकडे पाहून म्हणाली. "कोण जाते गाडीत? थोरलीच जाईन. धाकटी बावळी हाये."

"बावळी नाई थे! तुले काई समजत नाई!"

"समजते मले! माह्या आजोबानं सांगितलं. मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेतूनही लोक असेच उतरत पाणी प्याले. धाकट्या पोराले कोणीच आधी चढवत नव्हतं."

"पण हे पुस्तकात तसं—" खुशीनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. तिला सगळं माहीत होतं आणि सांगायचं नव्हतं. ती अक्षरशः जागच्या जागी उड्या मारत होती. "वाच ना! पुढचं वाच लवकर!"

"कशी वाचू? एवढे हार ओवायचे हायेत. आई ओरडते. एक हार झाला की एक पान वाचते मी."

खुशीनं ढिगाकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. मग ती झापाखाली बसली, आचलच्या हातातली सुई घेतली आणि म्हणाली, "तू वाच. मोठ्यानं वाच. मी ओवते."

माझी पोरगी आयुष्यात कधी सुई-दोऱ्याला हात लावलेली नाही. पहिल्याच फुलाला सुई बोटात गेली. तिनं बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हातानं आचलला खूण केली, थांबू नको. आचल वाचत होती अडखळत, जोडाक्षराला दोनदा मागं येत. खुशीला ते पाठ होतं, तिचे ओठ आधीच हलत होते, पण ती एक शब्दही पुढं बोलली नाही. शकुनवहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात जोडले आणि मळ्याच्या बांधावर जाऊन बसलो. मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं. अंधार पडेपर्यंत बसलो आणि मला कंटाळा आला नाही.

घरी परतताना खुशीच्या हातात पुस्तक नव्हतं.

"पुस्तक?" सीमानं विचारलं.

"उद्या आणते. तिचं व्हायचंय ना!" ती म्हणाली आणि फळीपुढे जाऊन उभी राहिली. जेवायला बोलावलं तरी येईना.

दुसरा दिवस शनिवार. सकाळची शाळा सुटली आणि खुशी घरी न येता थेट मळ्यात गेली. अकराच्या सुमारास रागिणीची गाडी दारात लागली. तिनं अकोल्याहून खुशीसाठी नवा ड्रेस आणला होता आणि मागच्या सीटवर उशीही ठेवली होती, पोरीला झोप लागली तर म्हणून. तिचा आनंद पाहून मला तिचा राग येईना. सीमानं चहा टाकला. बॅग आदल्या दिवसापासून दारापाशी भरून ठेवलेली होती.

"खुशी कुठी हाये?"

"झेंडूत," सीमा म्हणाली.

आम्ही तिघं मळ्यात गेलो. झापाखाली दोघी बसल्या होत्या, दोघींची बोटं पिवळी, आणि आचल शेवटच्या पानावर होती. खुशीनं आम्हाला पाहिलं आणि हात वर करून थांबवलं. रागिणी एक पाय उचलून तशीच उभी राहिली.

आचलनं शेवटची ओळ वाचली. पुस्तक मिटलं. मग पुन्हा उघडून पाहिलं, पुढे आणखी पान आहे का म्हणून.

"असंच संपते?"

"असंच!" खुशी टाळ्या पिटत म्हणाली. "सांग आता! बावळी होती का धाकटी?"

"पण हे चूक हाये! धाकटीनं मुद्दाम गाडी सोडली. तिले माईत होतं!"

"मुद्दाम नाई! तिचा हात सुटला!"

"सुटला नाई, तिनं सोडला! मागचं पान पाह्य, म्हातारीनं कंदील दाखवला तेव्हाच थे मागं सरकली. इथं लिहेल हाये!"

खुशीनं पुस्तक हिसकून ते पान काढलं. पिवळ्या डागांतून तिनं ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. तिनं हे पुस्तक कितीदा तरी वाचलं होतं, पायलसोबत, एकटीनं. आता ती तोंड उघडं ठेवून त्या ओळीकडे पाहत होती.

"तरी पण हात सुटलाच," ती म्हणाली, पण आधीइतक्या जोरात नाही.

"खुशे," रागिणी म्हणाली, "चाल बेटा. उशीर होऊन राहिला. सोमवारी शाळा पाहाची हाये ना? जूनचं पक्कं करून टाकू."

आचलनं पुस्तक पुसलं आणि पुढं केलं. "घे. झालं माहं."

"वाण परत घेत नसतात," खुशी म्हणाली. "तुहंच हाये थे. नाव टाक त्याच्यावर." मग तिनं शाळेच्या दप्तरात हात घातला आणि एकामागून एक पुस्तकं काढायला लागली. आमच्या घरची फळी तिनं सकाळीच रिकामी केली होती. "हे पाह्य, यात पोरगी विहिरीत उतरते. हे लय हसवते, पण रात्री नको वाचू, आई ओरडीन. हे आधी नाई घ्यायचं, हे तिसरं. अन याचा शेवट तर तू मानणारच नाई, मी आत्ताच सांगते!"

"खुशी," सीमा म्हणाली. "मावशी विचारून राहिली. जूनचं काय?"

खुशीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जणू आम्ही तिला अगदीच बिनडोक प्रश्न विचारला होता.

"जूनमधी कशी येऊ मी, मावशी? हिनं तर अजून काईच नाई वाचलं!"

रागिणी सीमाकडे पाहायला लागली आणि सीमा माझ्याकडे. माझे डोळे भरून आले होते. मी खाली बसलो, शकुनवहिनीच्या टोपलीतून मूठभर फुलं घेतली आणि मान खाली घालून हार ओवायला लागलो.